गोळीनं त्रास झाला, तर पाकीट फेकू नका

गावात औषधाची रिॲक्शन ही काही नवी गोष्ट नाही. गोळी गरम पडली, सुई सोसली नाही, अंगावर गांधी उठल्या, तोंड आलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, असं लोक सांगतात. मग दुसरा डॉक्टर दुसरी गोळी देतो, त्रास ओसरतो किंवा वाढतो, आणि विषय तिथंच मिटतो. औषध कोणतं होतं, कंपनी कोणती, बॅच कोणती, पहिला डोस कधी घेतला, यातलं काहीच कागदावर येत नाही. पुढच्या पावसाळ्यात तोच माणूस तेच औषध वेगळ्या नावाच्या पाकिटातून परत घेतो, आणि या वेळी त्रास जास्त होतो. आशाताई, सिस्टर, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ), मेडिकल दुकानदार, गावात प्रॅक्टिस करणारे डॉक्टर आणि घरातली औषधं सांभाळणारं कोणीही, या सगळ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

आधी या खटाटोपाची गरज काय, ते बघू. नवं औषध बाजारात येण्याआधी बहुतेक वेळा काही हजार माणसांवर तपासलेलं असतं. दहा हजारांत एखाद्यालाच होणारा त्रास त्या तपासणीत दिसेलच असं नाही. असा त्रास निदान एकदा तरी दिसेल याची 95 टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे 30,000 माणसं लागतात. शिवाय त्या चाचण्यांत सहसा गरोदर बाई नसते, सिकलसेलचा पेशंट नसतो, आणि रक्त कमी असलेली, 38 किलो वजनाची, दिवसभर उन्हात निंदण करणारी मजूर तर नसतेच नसते. तिच्या अंगावर औषध कसं वागतं, हे ती औषध घेते त्या गावातच कळणार.

गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या गोळीमुळे हजारो बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली, तेव्हा जगाला या नोंदींचं मोल कळलं. 1968 साली जागतिक आरोग्य संघटनेनं आंतरराष्ट्रीय नोंद सुरू केली. आज तिचा साठा स्वीडनमधल्या उप्साला इथल्या केंद्रात सांभाळला जातो. भारतात औषध दक्षता कार्यक्रम जुलै 2010 मध्ये दिल्लीच्या एम्समधून सुरू झाला आणि एप्रिल 2011 मध्ये गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे गेला. देशभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत, आपल्याकडे विदर्भात नागपूर-सेवाग्रामलाही, त्याची केंद्रं आहेत. बहुतेक ठिकाणी ती औषधशास्त्र विभागात असतात. या नोंदींचा खराच उपयोग होतो का, असं अनेक जण विचारतात. पाळीच्या दुखण्यासाठी घरोघरी घेतलं जाणारं मेफेनॅमिक ॲसिड घ्या. त्यानं क्वचित ताप, अंगभर पुरळ, लसीकाग्रंथींना सूज आणि यकृताला इजा असा गंभीर प्रकार होऊ शकतो. त्याबद्दल 30 नोव्हेंबर 2023 ला देशभरातल्या डॉक्टरांना सावध करण्यात आलं, ते असेच जमा झालेले रिपोर्ट तपासून.

रिपोर्ट ग्राह्य धरायला चारच गोष्टी लागतात: एक ओळखता येणारा पेशंट (नावाची आद्याक्षरं आणि वय पुरे), एक संशयित औषध, एक त्रास आणि कळवणारी व्यक्ती. एवढ्यावर फॉर्म स्वीकारला जातो. पण ग्राह्य रिपोर्ट आणि उपयोगी रिपोर्ट यांत फार अंतर आहे. आपल्या भागातून गेलेला रिपोर्ट पांगळा पडतो तो बहुतेक औषधाची ओळख आणि तारखा या दोन ठिकाणी. या दोन गोष्टींवर म्हणूनच जास्त लिहितो आहोत.

पाकिटाचं टोक

दहा गोळ्यांची स्ट्रीप हातात घेऊन बघा. औषधाचं नाव पाठीवर तीन-चार ठिकाणी छापलेलं असतं. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि मुदत मात्र बऱ्याच स्ट्रीपवर एकाच टोकाला असते, कधी शाईनं, कधी नुसती दाबून उठवलेली. दुकानात चार गोळ्या मागितल्या की कात्री चालते. पहिलं गिऱ्हाईक बॅच असलेलं टोक घेऊन गेलं, तर उरलेल्या सहा गोळ्या कोणत्या बॅचच्या, हे सांगायला काही उरत नाही. दुकानदारानं नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापायला सुरुवात करावी आणि बॅचचं टोक शेवटच्या गोळीपर्यंत दुकानात ठेवावं. गिऱ्हाईकाच्या पक्क्या बिलावर बॅच नंबर लिहिलेला असला, की त्याच्या हातातल्या तुकड्यावर तो नसला तरी चालतं. म्हणून बिल मागावं, आणि आजार बरा झाल्यावरही निदान दोन महिने जपावं. दोन महिनेच का, ते पुढं येईल.

सरकारी दवाखान्यातली गोळी असेल तर काम सोपं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधसाठ्याची नोंद ई-औषधी प्रणालीत बॅचसकट असते. पेशंटला गोळी कोणत्या तारखेला दिली एवढं कळलं, की त्या दिवशी कोणती बॅच वाटपात होती हे फार्मासिस्ट काढून देऊ शकतात. ओपीडीचा कागद म्हणूनच जपायचा.

खरी अडचण कागदाच्या पुडीची आहे. एक पांढरी, एक पिवळी, अर्धी गुलाबी, सकाळ-संध्याकाळ, आणि वर एक सुई. पुडी देणारा नाव लिहीत नाही आणि घेणारा विचारत नाही. त्रास झाल्यावर उरलेल्या गोळ्या फेकून न देता एका कोऱ्या कागदावर मांडा, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवा आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. गोळीवर अक्षरं किंवा आकडे कोरलेले असतील तर ते जवळून घ्या. मग पुडी देणाऱ्याकडे जा. तिथं भांडणाचा सूर लावला तर नाव कधीच कळणार नाही. "पुढच्या डॉक्टरला सांगायचं आहे, तेवढी नावं लिहून द्या," असं विचारलं की बहुतेक जण सांगतात. नाव मिळालंच नाही, तर फॉर्ममध्ये "नाव अज्ञात, पांढरी गोल गोळी, पुडीतून" असं लिहा. अंदाजानं नाव टाकू नका. चुकीच्या नावानं त्या औषधाच्या माथी खोटा डाग बसतो आणि खरं कारण लपतं.

इंजेक्शनच्या बाबतीत व्हायल (औषधाची छोटी बाटली) कचऱ्यात जाण्याआधी तिचं लेबल वाचा किंवा फोटो घ्या. सलाईन लावलेलं असेल, तर बाटलीचा आणि आयव्ही सेटचा बॅच नंबरही घ्या. थंडी वाजून येण्याचं कारण बाटलीत टोचलेल्या औषधात असतं तसं कधी बाटलीतही असतं.

मागचे आठ आठवडे

आज अंगावर पुरळ आलं, तर माणसाला कालची गोळी आठवते. पण प्रत्येक रिॲक्शनची आपली एक वेळ असते. धाप लागणं, ओठ-जीभ सुजणं, बीपी पडणं हे सुई दिल्यापासून काही मिनिटांत ते फार तर एक-दोन तासांत होतं. अँटिबायोटिकचं साधं गोवरासारखं पुरळ पहिल्यांदा घेतल्यावर सहसा 4 ते 14 दिवसांनी येतं, म्हणजे कधी कधी कोर्स संपल्यावर. ताप, तोंडात-डोळ्यांत फोड आणि कातडी सोलून निघणं, हा जीवघेणा स्टीव्हन्स-जॉन्सन प्रकार बहुधा 4 ते 28 दिवसांत होतो. मेफेनॅमिक ॲसिडच्या संदर्भात वर आलेला प्रकार 2 ते 8 आठवड्यांनी दिसतो. एनालाप्रिलसारख्या बीपीच्या गोळीचा कोरडा खोकला तर महिन्यांनीही सुरू होऊ शकतो.

त्यामुळं विचारताना "काल काय घेतलं?" एवढ्यावर थांबू नका. मागच्या आठ आठवड्यांत नवीन काय सुरू झालं, हे विचारा. फिट्ससाठी महिन्याभरापूर्वी सुरू झालेली फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनची गोळी घरच्यांना "औषध" म्हणून आठवतच नाही, कारण ती रोजची झालेली असते. युरिक ॲसिडसाठीची ॲलोप्युरिनॉल, सल्फाची कोट्रायमोक्साझोल यांचंही तसंच. दोष मात्र कालच्या पॅरासिटामॉलला जातो, जी त्याच त्रासाच्या सुरुवातीच्या तापासाठी घेतलेली असते.

तारखा आठवत नसतील तर गावाच्या कॅलेंडरनं विचारा. पोळ्याच्या आधी की नंतर? कापसाची पहिली वेचणी झाली होती का? बाजाराच्या कोणत्या दिवशी दवाखान्यात गेलात? दोन-तीन खुणा पक्क्या झाल्या की तारीख एक-दोन दिवसांच्या फरकानं काढता येते.

आणि सगळंच विचारा: वैदूचा काढा, सांधेदुखीचं चूर्ण, दुकानातून आणलेली ताकदीची बाटली, लावायचं मलम. सांधेदुखीवर रात्रीत आराम देणाऱ्या काही बेनामी चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते अचानक बंद केलं की बीपी पडतं, उलट्या होतात, आणि त्याचा ठपका नव्या डॉक्टरच्या गोळीवर येतो. आयुर्वेदिक, युनानी, होमिओपॅथी औषधांच्या रिॲक्शनसाठी आयुष मंत्रालयाची वेगळी नोंदव्यवस्थाही आहे. पण ॲलोपॅथीच्या फॉर्ममध्येही सोबतच्या औषधांचा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक प्रश्न विचारा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त जण दगावले, हे आपण विसरलेलो नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मळमळ, घाम, भोवळ घेऊन आलेला माणूस "सकाळच्या गोळीनं झालं" म्हणत असेल, तर आधी काल-आज वावरात फवारणी केली का, ते विचारा आणि बाहुल्या बघा. बारीक बाहुली, लाळ आणि घाम दिसला तर विषबाधा धरून लगेच पाठवा. उलट ॲट्रोपिन (या विषबाधेवर दिलं जाणारं इंजेक्शन) चालू असलेला पेशंट बडबड करू लागला, तोंड कोरडं पडलं, बाहुल्या मोठ्या झाल्या आणि अंग तापलं, तर ॲट्रोपिन जास्त होत असल्याची शक्यता असते.

ओठावरचा तो गोल डाग

ही रिॲक्शन गावात फार दिसते आणि तिचा रिपोर्ट जवळपास कधीच जात नाही. खालच्या ओठावर, हाताच्या पाठीवर किंवा जननेंद्रियावर जळजळ होते, मग रुपयाएवढा लालसर-जांभळा गोल डाग उठतो, कधी वर फोड येतो. आठवड्याभरात आग थांबते आणि काळपट-राखाडी खूण महिनोन् महिने राहते. पुढच्या वेळी तेच औषध पोटात गेलं की काही तासांत नेमका त्याच जागी डाग पेटतो, आणि शेजारी एखादा नवा येतो. दरवेळी तीच जागा, हीच याची पक्की ओळख. याला जबाबदार नेहमीचीच औषधं असतात: जुलाबासाठीची ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, टिनिडाझोल, सल्फा, डॉक्सिसायक्लिन, दुखण्याच्या गोळ्या, बुरशीसाठीची फ्लुकोनाझोल.

लोक याला उष्णता म्हणतात किंवा नागीण समजून मंत्र घालून घेतात. पुरुषाला गुप्तांगावर डाग आला, तर तो गुप्तरोग समजून कोणाला सांगत नाही, लपून आणखी गोळ्या घेतो, आणि त्यात पुन्हा तेच औषध असू शकतं. यासाठी तपासणी लागत नाही. "असाच डाग याच जागी आधी आला होता का, आणि तेव्हा कशासाठी गोळी घेतली होती?" एवढा प्रश्न पुरतो.

असा फॉर्म भरताना मजकूर कसा असावा, याचा एक काल्पनिक नमुना देतो:

सु. रा., वय 34, स्त्री, वजन 46 किलो. 12 जुलैला सकाळी 9 वाजता ऑफ्लॉक्सासिन 200 मिग्रॅ अधिक ऑर्निडाझोल 500 मिग्रॅची एक गोळी, तोंडावाटे, जुलाबासाठी. कंपनी, बॅच, मुदत पाकिटावरून. त्याच दिवशी दुपारी 2 च्या सुमारास खालच्या ओठावर उजवीकडे जळजळ, संध्याकाळपर्यंत दीड सेंटिमीटरचा लालसर-जांभळा गोल डाग. ताप नाही, डोळे लाल नाहीत, तोंडात किंवा अंगावर इतरत्र फोड नाहीत. दुसरी गोळी घेतली नाही. सोबत फक्त ओआरएस. 20 जुलैला जळजळ थांबलेली, काळपट डाग शिल्लक. मागच्या दिवाळीत जुलाबाच्या गोळीनंतर त्याच जागी असाच डाग आला होता, तेव्हाच्या गोळीचं नाव माहीत नाही.

आता याच्या शेजारी आपल्याकडून एरवी जाणारा मजकूर ठेवा: "महिलेला गोळीची ॲलर्जी झाली, उपचार केला, बरी आहे." पहिल्यात औषध आणि त्रास यांमधलं अंतर आहे, औषध थांबवल्यावर काय झालं ते आहे, आधी असं झाल्याचा उल्लेख आहे, आणि काय नव्हतं तेही आहे. तपासणारे या चार गोष्टींवरूनच संबंध "खात्रीचा", "बहुधा", "शक्य" की "संभव कमी" हे ठरवतात. तो निर्णय त्यांचा, आपण संशय कळवायचा. नीट लिहायला दहा मिनिटं जास्त लागतात, आणि ती द्यावीत असं आमचं आग्रहाचं म्हणणं आहे. फक्त एक पथ्य पाळा: खात्री करून घेण्यासाठी तीच गोळी मुद्दाम परत देऊन बघू नका.

आपल्या भागात जास्त लक्ष कुठं ठेवायचं

गडचिरोलीकडे मलेरियाच्या व्हायवॅक्स प्रकारासाठी 14 दिवस प्रायमाक्विन दिली जाते. जी-सिक्स-पीडी नावाचं एंझाइम जन्मतः कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी या गोळीनं फुटतात. ही कमतरता आपल्या आदिवासी समाजांतही आढळते. गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे झाले, चालताना दम लागू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आशाताईंनी तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी फक्त "गोळी घेतली का?" असं न विचारता "लघवीचा रंग कसा आहे?" हेही विचारावं. सिकलसेलच्या घरात हे जास्तच जपायला हवं, कारण रक्त कमी होणं आणि कावीळ "सिकलसेलचंच आहे" म्हणून सोडून दिली जाते.

कुष्ठरोगाच्या एमडीटीमधल्या (अनेक औषधांच्या एकत्र कोर्समधल्या) डॅप्सोननंही तशाच पेशी फुटू शकतात. शिवाय सुरू केल्यावर साधारण 4 ते 6 आठवड्यांनी ताप, पुरळ, कावीळ आणि गाठी असा गंभीर प्रकार होऊ शकतो. तिथं ओळखायला उशीर होतो, कारण महिनाभर गोळी सोसलेली असते. क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते आणि रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर लोक घाबरून सगळंच बंद करतात.

टीबीची चार औषधं एकाच गोळीत असतात: आयसोनियाझिड 75, रिफाम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400 आणि इथाम्ब्युटॉल 275 मिलिग्रॅम. 35 ते 49 किलोच्या माणसाला रोज तीन गोळ्या. भूक मरणं, मळमळ, उलट्या ही यकृताला त्रास होत असल्याची पहिली खूण असते, डोळे नंतर पिवळे होतात. उलटी "गोळी जड आहे" म्हणून सोडून देऊ नका, लिव्हरची तपासणी करून घ्या. दिसायला धूसर होणं किंवा लाल-हिरवा रंग न ओळखणं हे इथाम्ब्युटॉलचं. पायात मुंग्या-जळजळ आयसोनियाझिडची, विशेषतः दारू पिणाऱ्यात आणि खंगलेल्यात. फॉर्ममध्ये मात्र चारही औषधं संशयित म्हणून लिहा, आपल्या मनानं एक निवडू नका. वजन लिहायला विसरू नका. पेशंटचं वजन घटलं किंवा वाढलं आणि गोळ्यांची संख्या तीच राहिली, तर तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

सर्पदंशाची लस म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेली प्रथिनं, त्यामुळं रिॲक्शन येणार हे गृहीत धरूनच ती लावायची. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी ती एकच असते. प्रत्येक व्हायलमधली पूड 10 मिलि पाण्यात विरघळवून, सुरुवातीला साधारण 10 व्हायल, सलाईनमधून तासाभरात. कातडीत टोचून आधी टेस्ट करण्याचा उपयोग नाही, टेस्ट कोरी आली तरी रिॲक्शन येते. लस सुरू करण्याआधी ॲड्रिनलीन भरून हाताशी ठेवा. गांधी उठल्या, घसा आवळला, उलटी झाली, बीपी पडलं, तर लस थांबवून मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, लहान मुलाला किलोमागं 0.01 मिलिग्रॅम. सावरल्यावर विषाची लक्षणं असतील तर लस हळू गतीनं परत चालू करावी लागते. याचा रिपोर्ट बॅचशिवाय जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण रिॲक्शनचं प्रमाण बॅचप्रमाणं बदलू शकतं.

याच लसीची उशिराची रिॲक्शन तर कोणाच्याच खात्यात जात नाही. घरी गेल्यावर आठवड्याभरानं ताप, सांधेदुखी, खाज येते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत असा पेशंट गावातल्या डॉक्टरकडे येतो आणि चिकुनगुनिया समजून उपचार होतात. "मागच्या पंधरा दिवसांत साप चावला होता का, लस लागली होती का?" हा प्रश्न पावसाळ्यात विचारायचाच.

हत्तीरोगाच्या मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोल, काही जिल्ह्यांत सोबत आयव्हरमेक्टिनही दिलं जातं. नागपूर जिल्हा ही तीन औषधं सुरू करणाऱ्या देशातल्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक. गोळ्यांनंतरचा ताप, डोकेदुखी, चक्कर बहुतेक वेळा रक्तातले जंतू मरत असल्यानं येते आणि एक-दोन दिवसांत जाते. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की मळमळ वाढते. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई आणि गंभीर आजारी माणूस यांना गोळ्या द्यायच्या नसतात. तशी दिली गेली असेल, तर काही त्रास झाला नाही तरी लगेच कळवा.

शुगरच्या ग्लिमेपिराइड गोळीबद्दल थोडक्यात: पहाटे गोळी घेऊन निंदणाला गेलेली बाई दुपारी जेवते, मध्येच घाम-थरथर-भोवळ येते आणि सगळे "ऊन लागलं" म्हणतात. साखरपाण्यानं दहा-पंधरा मिनिटांत तरतरी आली, तर शुगर उतरली होती असं समजा. डोस आणि जेवणाची वेळ दोन्ही बदलून घ्या. एकादशीला आणि रोज्यात तर आधीच विचारा.

लसीकरणानंतरचा त्रास वेगळ्या वाटेनं जातो: सिस्टर, वैद्यकीय अधिकारी, जिल्हा लसीकरण अधिकारी. गंभीर असेल तर 24 तासांच्या आत.

एकाच दिवशी तिघांना झालं तर

एका वॉर्डात एकाच दिवशी तीन पेशंटना सलाईन लावल्यावर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरली, तर तीन स्वतंत्र रिॲक्शन समजू नका. बॅच बघा. सारखी असेल तर ती बॅच वापरायची थांबवा, उरलेला साठा वेगळा ठेवून त्यावर "वापरू नये" असं लिहा, वापरलेल्या बाटल्या फेकू नका, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला कळवा. त्यांचा टोल फ्री नंबर 1800-222-365. नमुना त्यांचे निरीक्षकच घेतात. आपण फोडून तपासायला गेलो तर तो नमुना कायद्यात टिकत नाही.

2025 च्या पावसाळ्याअखेर आपल्या शेजारच्या, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात परासिया भागात सर्दी-खोकल्याचं सिरप घेतलेल्या वीसहून अधिक मुलांचा किडनी निकामी होऊन मृत्यू झाला. त्यातली बरीच मुलं उपचारासाठी नागपूरला आली होती. त्या सिरपच्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष 48.6 टक्के निघालं, जिथं मर्यादा 0.1 टक्का आहे. सुरुवातीला आजार संसर्गाचाही वाटत होता. लहान मुलाला सिरप दिल्यावर उलट्या आणि लघवी कमी होणं किंवा बंद होणं असं दिसलं, तर बाटली पेशंटसोबत पाठवा. सिरप संपलं असलं तरी बाटली महत्त्वाची, तळाशी राहिलेले चार थेंब आणि लेबल दोन्ही. आणि पाठवणाऱ्यानं चिठ्ठीत "आठ तासांत लघवी नाही" असं स्पष्ट लिहावं. "ताप-उलट्या" एवढं लिहिलं तर पुढच्या डॉक्टरचा वेळ जातो.

औषधानं गुणच न येणं, हेही कळवायचं असतं. नागपूर जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयातून घेतलेल्या अँटिबायोटिकच्या नमुन्यात औषधच नव्हतं, हे प्रकरण 2024 मध्ये उघड झालं. एकाच बॅचच्या गोळ्यांनी ओळीनं चार-पाच पेशंटचा ताप उतरला नाही, तर जंतू चिवट झाले असं धरून थेट वरचं इंजेक्शन सुरू करण्याआधी बॅच टिपून ठेवा आणि कळवा.

कळवायचं कसं, आणि भीती कशाची

औषध दक्षता कार्यक्रमाची हेल्पलाइन 1800-180-3024, कामाच्या दिवशी सकाळी 9 ते संध्याकाळी 5.30. फोन करताना पाकीट, तारखा, वय, वजन समोर ठेवा. लोकांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे, डॉक्टर-नर्स-फार्मासिस्टसाठीचा वेगळा. "एडीआर पीव्हीपीआय" नावाचं मोबाइल ॲप आहे. नेट नसेल तिथं कागदी फॉर्म भरून जवळच्या केंद्राला पाठवा. प्रत्येक फॉर्मची एक झेरॉक्स आपल्याकडे राहू द्या, कारण तपासणारे महिन्यानं फोन करून "पुढं काय झालं?" असं विचारतात. पेशंटचा किंवा शेजाऱ्याचा मोबाइल नंबर आपल्या वहीत हवा, फॉर्ममध्ये नाव पूर्ण नको. फोटो काढताना विचारून काढा, चेहरा टाळा.

वेळ कमी असेल तर क्रम असा ठेवा: मृत्यू, जिवावर बेतलेलं, भरती करावं लागलेलं, कायमचं अपंगत्व, बाळातलं व्यंग, हे सगळ्यात आधी. मग लहान मुलं, गरोदर बाया आणि नवी औषधं. ॲम्लोडिपिननं पाय सुजणं माहितीतलं आहे, तेही कळवता येतं, पण त्यासाठी पहिलं काम मागं पडू देऊ नका.

न कळवण्यामागं मोठं कारण भीती असतं. डॉक्टरला वाटतं आपली चूक निघेल, सिस्टरला वाटतं नोटीस येईल, दुकानदाराला वाटतं निरीक्षक येईल. फॉर्मवर स्पष्ट छापलेलं असतं की रिपोर्ट देणं म्हणजे कोणाचा दोष कबूल करणं नव्हे, आणि पेशंटची ओळख गुप्त राहते. वरिष्ठांनी ही ओळ मासिक बैठकीत एकदा मोठ्यानं वाचून दाखवावी. ज्या केंद्रातून वर्षभरात एकही रिपोर्ट जात नाही, तिथं औषधं निर्धोक आहेत असा अर्थ काढू नये. तिथं कोणी लिहीत नाही, एवढाच तो आकडा सांगतो.

फॉर्म गेला तरी पेशंटचं एक काम उरतं. एका जाड कागदावर निळ्या पेननं मोठ्या अक्षरात औषधाचं मूळ नाव लिहा, ब्रँड नको, कारण ब्रँड दुकानागणिक बदलतो. खाली त्रास काय झाला आणि केव्हा, ते लिहा. जवळची औषधंही लिहा: ऑर्निडाझोलचा डाग असेल, तर मेट्रोनिडाझोल आणि टिनिडाझोलही विचारल्याशिवाय नको. पेनिसिलिननं धाप लागली असेल, तर ॲमॉक्सिसिलिन आणि ॲम्पिसिलिनही नको. कागद प्लास्टिकमध्ये घालून आधार कार्डासोबत ठेवायला सांगा, आणि घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून तो एकदा वाचून घ्या. पुढच्या वेळी दवाखान्यात बहुतेक तोच सोबत येणार असतो.